बटणाला घातलेली कडी

एक्सेलमध्ये चुकून काही पुसले गेले की हात आपोआप कंट्रोल-झेडकडे जातो. वर्षानुवर्षांची ही सवय मॅक्रोच्या, म्हणजे एका दमात चालणाऱ्या आज्ञांच्या मालिकेच्या, बटणापाशी मात्र दगा देते. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की अनडूची यादीच रिकामी होते. मॅक्रोने पुसलेले परत येत नाही ते नाहीच. त्याआधी हाताने केलेले चार बदलही मागे घेता येत नाहीत. फाईल सेव्ह न करता बंद करणे एवढाच उपाय उरतो, आणि मॅक्रोच्या शेवटी फाईल सेव्ह करण्याची ओळ असेल तर तोही गेला.

एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा मेंटेनन्सचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. साठ सदनिका, प्रत्येकीची मागील थकबाकी, चालू महिन्याची आकारणी, जमा, व्याज. महिना संपला की खजिनदार ‘नवा महिना’ असे लिहिलेले बटण दाबतो. मॅक्रो प्रत्येकाची बाकी ‘मागील थकबाकी’च्या रकान्यात नेतो आणि जमेचा रकाना कोरा करतो. आता समजा, दहा तारखेला संस्थेचा व्यवस्थापक पावती छापायला तीच फाईल उघडतो, माउस जरासा सरकतो, आणि वीस दिवस आधीच महिना पालटतो. अशा फजितीनंतर बैठकीत कोणीतरी म्हणणारच : त्या बटणाला पासवर्ड लावा.

मागणी रास्त आहे आणि कामही अवघड नाही. मात्र पासवर्ड विचारणारी खिडकी आणि पासवर्डने सुरक्षित झालेली फाईल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक्सेल वापरणारे त्यांची सर्रास गल्लत करतात. बटणापुढची खिडकी म्हणजे दाराला आतून लावलेली कडी. वाऱ्याने किंवा धक्क्याने दार उघडू नये यासाठी ती उत्तम. पण चोरासाठी कुलूपच लागते, आणि ते एक्सेलमध्ये दुसऱ्याच जागी आहे.

आधी कडी कशी घालतात ते पाहू. एक्सेलला व्हीबीए ही भाषा १९९३ साली, पाचव्या आवृत्तीत मिळाली. मॅक्रो त्याच्याही आधीचे. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ मध्येच, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या ते सेलमध्ये लिहून ठेवण्याची सोय होती. व्हीबीए आली आणि बेसिकचे चार शब्द येणाऱ्या कारकुनालाही स्वतःचे छोटे प्रोग्रॅम लिहिता येऊ लागले. डेव्हलपर हा टॅब मुळात लपलेला असतो. ऑप्शन्समधल्या कस्टमाइझ रिबनमध्ये त्याच्यापुढे बरोबरची खूण केली की तो दिसतो. तिथल्या इन्सर्टमधून बटण उचलून शीटवर काढले की एक्सेल लगेच विचारते, कोणता मॅक्रो जोडायचा?

मॅक्रो तयार असेल तर त्याच्या सुरुवातीला दोन-तीन ओळी घातल्या की झाले. पहिली ओळ इनपुटबॉक्स या फंक्शनला बोलावते : पडद्यावर छोटी खिडकी उघडते, माणूस त्यात काहीतरी टाइप करतो, आणि ते उत्तर एका व्हेरिएबलमध्ये जाऊन बसते. दुसरी ओळ ‘इफ’ने सुरू होते आणि ते उत्तर ठरलेल्या शब्दाशी ताडून पाहते. जुळले नाही तर ‘एक्झिट सब’, म्हणजे मॅक्रो तिथेच संपला. खालच्या ओळींना हातही लागत नाही. कोणी कॅन्सल दाबले तर इनपुटबॉक्स रिकामे उत्तर देतो. तेही जुळत नाही, त्यामुळे कॅन्सलसाठी वेगळी तरतूद लागत नाही. ही तुलना इंग्रजीतल्या मोठ्या-लहान अक्षरांत फरक करते, हे खजिनदाराला सांगून ठेवावे. आणि फाईल एक्सएलएसएम प्रकारातच सेव्ह करावी. नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये केली तर मॅक्रो गळून पडतात आणि बटण नुसते शोभेचे उरते.

पहिली अडचण लगेच समोर येते. इनपुटबॉक्समध्ये टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी दिसतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड कळायला दोन सेकंद पुरतात. इनपुटबॉक्सला अक्षरांऐवजी तारे दाखवायला सांगण्याची सोय व्हीबीएत नाही. काही हुशार मंडळी त्यासाठी विंडोजच्या अंतर्गत फंक्शनांना हात घालतात. पण ३२ बिटांच्या ऑफिससाठी लिहिलेला तो कोड ६४ बिटांच्या ऑफिसमध्ये दुरुस्तीशिवाय चालत नाही, आणि लिहिणारा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. सरळ वाट यूजरफॉर्मची आहे. एक कोरा फॉर्म घ्यायचा, त्यावर एक टेक्स्टबॉक्स आणि दोन बटणे ठेवायची, टेक्स्टबॉक्सच्या गुणधर्मांच्या यादीत पासवर्डकॅर शोधून तिथे एक तारा टाकायचा. ओकेच्या बटणाचा डिफॉल्ट हा गुणधर्म ट्रू केला की एंटर दाबूनही काम होते.

मराठीत काम करणाऱ्यापुढे इथे आणखी एक पेच आहे. व्हीबीएचा कोड जिथे लिहायचा तो संपादक युनिकोड जाणत नाही. कोडमध्ये ‘पासवर्ड टाका’ असे देवनागरीत लिहू गेले की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मेसेजबॉक्स आणि इनपुटबॉक्स यांचीही तीच गत. सेलमधला मराठी मजकूर त्यांना दिला तरी पडद्यावर प्रश्नचिन्हेच. फॉर्मवरचे लेबल आणि टेक्स्टबॉक्स मात्र देवनागरी नीट दाखवतात. म्हणून सूचना शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये मराठीत लिहायची आणि फॉर्म उघडताना लेबलने ती तिथून उचलायची. फॉर्मच्या माथ्यावरची पट्टी पुन्हा प्रश्नचिन्हांच्याच गोटातली, तेव्हा तिथे रोमन अक्षरे किंवा काहीच नको. पासवर्ड स्वतः देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. कीबोर्ड मराठीवर आहे की इंग्रजीवर हे ताऱ्यांमुळे दिसत नाही, आणि माणूस तोच बरोबर पासवर्ड चारदा टाकून चारदा चूक ठरतो. नुसत्या आकड्यांचा पासवर्ड ठेवला तर ही डोकेदुखी पुष्कळ कमी होते.

खिडकी तयार झाली, तारे दिसू लागले, खजिनदार खूश. आता कोणी ऑल्ट आणि एफ-८ दाबले तर?

त्या कळांनी फाईलमधल्या मॅक्रोंची यादी उघडते आणि यादीतला कोणताही मॅक्रो निवडून चालवता येतो. बटण दाबायची गरजच नाही. पुष्कळ जण पासवर्ड विचारणारा मॅक्रो वेगळा लिहितात, खरे काम करणारा वेगळा, आणि पहिला दुसऱ्याला बोलावतो. रचना म्हणून हे नेटके आहे. पण दुसऱ्या मॅक्रोचे नाव यादीत उघडे पडते आणि कोणीही तो थेट चालवू शकतो. त्यावर उपाय सोपा : काम करणाऱ्या मॅक्रोच्या नावाआधी ‘प्रायव्हेट’ लिहायचे, किंवा पूर्ण मॉड्यूलच्या माथ्यावर ‘ऑप्शन प्रायव्हेट मॉड्यूल’ ही ओळ घालायची. यादीतून नाव जाते, बटण मात्र चालू राहते. कार्यालयांत फिरणाऱ्या फायलींमध्ये ही एक ओळ फार क्वचित दिसते.

ऑल्ट आणि एफ-११ दाबले तर त्याहून मोठे दार उघडते. समोर कोडच येतो, आणि त्यात पासवर्ड साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेला असतो. वाचायला एक्सेल यायला हवे असेही नाही. हा दोष संगणकाच्या पासवर्डांइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात सीटीएसएस ही प्रणाली चालवली. एकाच संगणकावर अनेकांना काम करता यावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. ते सगळे पासवर्ड एका फाईलमध्ये उघडे लिहिलेले असत. १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाने जास्त वेळ संगणक वापरायला मिळावा म्हणून ती फाईल चक्क छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते, एक पासवर्डांची आणि दुसरी रोजच्या सूचनेची. संपादक प्रोग्रॅमने त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल केली, आणि लॉगइन करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. पुढच्या काळात युनिक्स या प्रणालीने पासवर्ड न साठवता त्याचा हॅश साठवायचा पायंडा पाडला : पासवर्डावरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड काढणे अवघड.

मग मॅक्रोतही हॅश ठेवावा का? ठेवता येतो, पण लाभ थोडा. कारण कोड बदलू शकणाऱ्याला पासवर्ड शोधण्याची गरजच नाही. व्हीबीएत ओळीच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टाकले की ती ओळ टिपण ठरते आणि संगणक ती ओलांडून पुढे जातो. तपासणी करणाऱ्या ओळींआधी ते चिन्ह टाकले की पासवर्ड कितीही लांबलचक असो, कोणी तो विचारतच नाही.

म्हणून कोडलाच पासवर्ड लावायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. टूल्समधल्या प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोटेक्शन नावाचा टॅब आहे. तिथे ‘लॉक प्रोजेक्ट फॉर व्ह्यूइंग’वर खूण करून पासवर्ड द्यायचा, फाईल सेव्ह करून बंद करायची. पुन्हा उघडल्यावर कोड झाकलेला असतो. सहज डोकावणाऱ्याला एवढे पुरते. पण हे झाकण काढण्याच्या युक्त्या वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यासाठी तयार साधनेही मिळतात, तेव्हा त्यावर पगारपत्रक सोपवू नये.

बटणामागे शीट प्रोटेक्ट केलेली असेल तर चित्र थोडे सुधारते. शीट नेहमी बंद. मॅक्रो पासवर्ड तपासतो, शीट अनप्रोटेक्ट करतो, काम करतो, पुन्हा प्रोटेक्ट करतो. इथे एक खाच आहे. मधेच चूक होऊन मॅक्रो थांबला तर शीट उघडीच राहते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून चूक झाली तरी शेवटच्या ओळीकडे उडी मारून शीट बंद करावी असे ‘ऑन एरर गो टू’ने लिहून ठेवतात. दुसरी सोय म्हणजे शीट बंद करताना ‘यूजरइंटरफेसओन्ली’ ट्रू ठेवणे. मग माणसाला शीट बंद, मॅक्रोला मात्र खुली. ही सवलत फाईलबरोबर सेव्ह होत नाही. फाईल उघडताना दर वेळी ती नव्याने द्यावी लागते, आणि हे न कळल्याने ‘काल चालत होते, आज का नाही’ असे म्हणत लोक डोके धरून बसतात.

शीटचे हे संरक्षण किती पक्के, याची कथा गमतीची आहे. एक्सेल २०१० पर्यंत शीटच्या पासवर्डाचा हॅश अवघ्या १६ बिटांत मावत असे. असंख्य पासवर्ड आणि हॅश मोजकेच, त्यामुळे एकाच हॅशला शेकडो वेगळे शब्द चालत. एक जुना मॅक्रो याच दोषावर जगला : अकरा जागी फक्त इंग्रजी ए किंवा बी आणि शेवटी ९५ छापील चिन्हांपैकी एक, अशा १,९४,५६० जुळण्या तो ओळीने लावून पाही. काही मिनिटांत त्यातली एखादी बसे आणि शीट उघडे. मूळ पासवर्ड काय होता हे त्यालाही कळत नसे, आणि कळायची गरजही नव्हती. एक्सेल २०१३ ने हा हॅश बदलून एसएचए-५१२ आणला आणि तो एक लाख वेळा फिरवला. अंदाजाने पासवर्ड शोधण्याचा मार्ग त्याने बंद केला. मात्र फाईल म्हणजे आतून एक झिप असते आणि शीट प्रोटेक्ट असल्याची नोंद त्यातल्या साध्या मजकुरात असते. नोंदच गेली तर हॅश कशाशी ताडणार? मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते की शीटचे संरक्षण हे सुरक्षेचे साधन म्हणून बनवलेले नाही.

लपवलेल्या शीटबद्दलही हाच गैरसमज आहे. पासवर्डांची यादी, सभासदांचे फोन नंबर, व्याजाचे दर एका शीटवर लिहून ती हाइड केली की काम झाले, असे अनेकांना वाटते. व्हीबीएतून शीट ‘व्हेरी हिडन’ केली तर उजव्या क्लिकने येणाऱ्या अनहाइडच्या यादीतही ती दिसत नाही, हे खरे. पण माहिती फाईलमध्येच असते. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाला याची फार मोठी किंमत मोजावी लागली. कोणत्या हुद्द्यावर किती जण आहेत, असा माहिती अधिकारातला साधा प्रश्न होता. उत्तरादाखल दिलेली स्प्रेडशीट संकेतस्थळावर गेली आणि तिच्यातल्या लपलेल्या शीटवर ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, नावांची आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. तिथल्या पोलिसांना सशस्त्र गटांकडून जिवाला धोका असतो. काहींनी तर आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवलेली असते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२४ मध्ये दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

मॅक्रो चाललाच नाही तर काय, हाही प्रश्न राहतो. मार्च १९९९ मधल्या मेलिसा विषाणूपासून मॅक्रोंची पत गेली ती गेलीच. तो वर्डच्या फाईलमधून आला, आणि पासवर्डांच्या यादीचे आमिष दाखवून आला. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो ऑफिस आपणहून रोखते. ईमेलने आलेली संस्थेची फाईल उघडली की वर लाल पट्टी दिसते आणि बटण मुके होते. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक केल्याशिवाय ते बोलत नाही. ब्राउझरमधल्या किंवा मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये तर व्हीबीए चालतच नाही. म्हणजे फाईल उघडताच मॅक्रोने पासवर्ड विचारायचा, असा बेत कोणी केला असेल तर तो तिथे आपोआप गळतो. मॅक्रो गप्प, आकडे समोर.

एवढे ऐकून बटणाचा पासवर्ड काढून टाकावा असे वाटेल, पण तसे करू नये. व्यवस्थापकाचा माउस घसरला होता. त्याला चोरी करायची नव्हती. कडीचे काम त्याच्यासाठीच आहे. ‘नक्की का?’ विचारून हो-नाही दाखवणारा मेसेजबॉक्स इथे कमी पडतो, कारण दिवसाला पन्नास वेळा एंटर दाबणारा हात त्यालाही एंटर दाबतो. काहीतरी टाइप करायला लावले की हात थांबतो. गिटहबवर कोडची रिपॉझिटरी पुसायची तर तिचे नाव टाइप करावे लागते. ते नाव गुप्त नसते, वर स्पष्ट लिहिलेले असते. संस्थेच्या फाईलनेही पासवर्डाऐवजी चालू महिन्याचा आकडा टाइप करायला सांगितला तरी अपघात टळतात, आणि पासवर्ड विसरण्याची भानगड राहत नाही.

त्याहून कामाची आहे ती आणखी एक ओळ. पुसायला सुरुवात करण्याआधी मॅक्रोने ‘सेव्हकॉपीॲज’ वापरून फाईलची प्रत तारीख-वेळेच्या नावाने बाजूला ठेवावी. अनडू गेले तरी कालची फाईल हाताशी राहते. पासवर्डाची खिडकी आणि ही ओळ यांतले एकच निवडायचे असेल तर डोळे झाकून ही ओळ निवडावी.

खरोखर गुप्त ठेवण्यासारखे काही असेल तर कुलूप फाईल मेनूत आहे : इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. इथे आकडे झाकले जात नाहीत, कूटबद्ध होतात. एक्सेल ९७ ते २००३ च्या काळात या कुलपाची किल्ली मुळात फक्त ४० बिटांची असे. २००७ पासून एईएस कूटबद्धीकरण आले आणि लांब पासवर्ड दिला तर ते आजही भक्कम आहे. इतके की पासवर्ड हरवला तर मायक्रोसॉफ्टही फाईल उघडून देऊ शकत नाही. या भक्कमपणातही एक विचित्र फट होती. एक्सेलच्या पोटात ‘वेल्वेटस्वेटशॉप’ हा पासवर्ड कायमचा लिहिलेला आहे; कूटबद्ध फाईल समोर आली की एक्सेल आधी तो लावून पाहते आणि बसला तर काही न विचारता फाईल उघडते. तुमच्या-आमच्या फायलींना त्याचा धोका नाही. विषाणू पाठवणाऱ्यांनी मात्र त्याचा पुरेपूर फायदा घेतला : फाईल कूटबद्ध असल्याने तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला आतले दिसत नसे, आणि उघडणाऱ्याला पासवर्ड द्यावा लागत नसे.

फाईल कूटबद्ध केली तरी एक मर्यादा उरते. पासवर्ड ज्याला दिला त्याला सगळेच दिसते आणि सगळेच बदलता येते; खजिनदाराला एवढे, व्यवस्थापकाला तेवढे, अशी वाटणी होत नाही. तशी वाटणी हवी असेल तर तपासणी वापरणाऱ्याच्या संगणकावर न होता दुसरीकडे व्हायला हवी. गूगल शीट्समध्ये ठरावीक सेल ठरावीक खात्यांनाच बदलता येतील असे करता येते, आणि तो नियम गूगलच्या सर्व्हरवर पाळला जातो. एकेरी अवतरणचिन्ह टाकून तो गप्प करता येत नाही. चूक झाली तर व्हर्जन हिस्टरीत जाऊन आधीची शीट परत आणता येते, आणि बदल कोणी केला तेही तिथे दिसते. पण गूगलच्या मदतीच्या पानावरही तीच सूचना आहे : संरक्षित शीट हा सुरक्षेचा उपाय समजू नये, कारण पाहण्याची मुभा असलेला माणूस तिची प्रत काढू शकतो, छापू शकतो. संस्थेच्या बँक खात्यांचा तपशील आणि सभासदांचे फोन नंबर त्यामुळे मेंटेनन्सच्या शीटमध्ये न ठेवता वेगळ्या फाईलमध्ये ठेवावे लागतात, आणि ती फाईल दोन-तीन पदाधिकाऱ्यांपलीकडे कोणालाही शेअर करायची नसते.